फळ्यावर विझलेलं शहर

धाकटीनं सूड घ्यायचं ठरवलं ते एका मंगळवारी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी. एवढी नेमकी वेळ सांगता येते, कारण ती बस डेपोच्या वेळापत्रक विभागात कामाला होती आणि मिनिटांवरच तिचं पोट होतं. तीन-बाराची गाडी फाटकातून बाहेर पडली, खिडकीची काच नेहमीसारखी थरथरली, आणि तिनं समोरच्या हस्तलिखिताचं एकशे अकरावं पान टेबलावर पालथं घातलं. शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क म्हणाले, "काय हो, बरं वाटत नाहीये का?" ती म्हणाली, "अगदी छान वाटतंय." ते ज्या आवाजात म्हणाली तो ऐकून त्यांनी पुन्हा म्हणून मान वर केली नाही.

हस्तलिखित थोरल्याचं होतं. थोरला म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, विज्ञानकथेतलं बडं प्रस्थ. चौदा पुस्तकं, हॉलभर टाळ्या, आणि मलपृष्ठावर हनुवटीखाली मूठ धरून काढलेला फोटो. त्याची यानं बरोबर वळायची, त्याच्या ग्रहांवर दिवस वेळेवर मावळायचे, आणि हवा संपायची ती अगदी संपायला हवी तेव्हाच. लोक म्हणत, काय अभ्यास आहे हो माणसाचा! अभ्यास कसला डोंबलाचा. थोरल्याला बेरीज करताना हाताची बोटं पुरायची नाहीत. एकोणीस वर्षं ते सगळे आकडे धाकटी काढत आली होती. तो गठ्ठा आणून तिच्या टेबलावर टाकायचा, "जरा बघ गं, एवढं बसवून दे," म्हणायचा, आणि तिच्या वाट्याचा चहा पिऊन जायचा. ती डब्याच्या सुट्टीत बसवून द्यायची. दोनशे गाड्यांवर ड्रायव्हर बसवणाऱ्या बाईला एका यानात चार माणसांची हवा बसवणं काय अवघड?

पुस्तक छापून आलं की ती आधी आभाराचं पान उघडायची. प्रकाशकाचे आभार असत, बायकोचे असत, टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याचे असत. एका पुस्तकात तर मांजराचेही होते. धाकटीचं नाव चौदांपैकी एकाही पुस्तकात नव्हतं. आपलाच भाऊ आहे म्हणून ती गप्प बसली, आणि बसली ते चुकलंच तिचं.

आता विज्ञानकथावाल्यांची एक तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावात विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांना सगळे पेन्सिलवाले म्हणत. कुणी चष्म्याच्या काचा घासणारा, कुणी पुलांचा इंजिनियर, कुणी औषधाच्या दुकानातला. पुस्तक छापायला जायच्या आधी त्याच्या कच्च्या प्रती पंधरा दिवस यांच्याकडे असायच्या, आणि मग एका रविवारी सकाळी फळ्याची सभा भरायची. लेखकानं टेबलाशी बसायचं, आणि वाचकांनी फळ्यावर त्याची गोष्ट सोडवून बघायची. गणित सुटलं तर टाळ्या आणि पुस्तक छापखान्यात. नाही सुटलं तर लेखकानं गठ्ठा काखेत मारून घरचा रस्ता धरायचा. थोरला या फळ्यासमोर चौदा वेळा बसला आणि चौदा वेळा हसत उठला.

अद्भुतकथा लिहिणाऱ्याला असला फळा नसतो, आणि धाकटी लिहायची ती अद्भुतकथा. थोरल्याला तो हक्काचा थट्टेचा विषय होता. "आम्ही लिहितो ते उद्या होऊ शकेल असं," तो चारचौघांत म्हणायचा, "आणि आमच्या बहीणबाई लिहितात ते कधीच होणार नाही असं. अडलं की फिरवली कांडी! आमच्याकडे डोकं चालवावं लागतं, तिच्याकडे नुसती झोप लागली तरी भागतं." लोक हसायचे. धाकटीही हसायची आणि आतल्या आत जळफळायची. कारण गोष्ट होती नेमकी उलटी, आणि दोन्हीकडचं काम करणारी ती एकटीच असल्यामुळे ते फक्त तिला ठाऊक होतं. थोरल्याच्या गोष्टीला बाहेरचं जग जामीन असायचं. पाणी उकळतं, दगड पडतो, ते काही लेखकाला सिद्ध करावं लागत नाही. अद्भुतकथेत दगड पडला नाही, तर तो का पडला नाही हे लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या गळ्यात. नियम आपणच करायचा आणि मग जीव गेला तरी पाळायचा. सोयीसाठी एकदा जरी मोडला तरी वाचक पुस्तक मिटून उठतो, आणि का उठला ते फळ्यावर लिहून दाखवायलाही कुणी येत नाही.

नऊ वर्षं, रोज कामावर जायच्या आधीचा एक तास, ती एकच कादंबरी लिहीत होती. आईच्या आजारपणानंतर ती सुरू झाली. आईला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, आणि मग शब्द जायला लागले. आधी लांबचे गेले, नातेवाइकांची नावं, वारांची नावं. मग "खिडकी" गेली, "उशी" गेली, एक दिवस "पाणी" गेलं. आज कोणता गेला ते बघत धाकटी पलंगाशी बसलेली असायची. अकरा महिने हे चाललं. त्या अकरा महिन्यांत थोरला तीनदा आला, कारण त्याची व्याख्यानं होती. शेवटचे दोन महिने आईकडे एकच शब्द उरला, आणि तो होता थोरल्याचं घरातलं लाडाचं नाव. भूक लागली तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच. जी रात्रंदिवस उशाशी बसली तिचं नाव कधीच गळून गेलं होतं. हे धाकटीनं कुणालाही सांगितलं नव्हतं, थोरल्याला तर नाहीच नाही.

कादंबरीत तिनं एक अंधारं शहर उभं केलं. तिथे दिवा लावायचा तर एक शब्द द्यावा लागतो, आणि दिलेला शब्द जन्मात पुन्हा तोंडातून निघत नाही. म्हणून तिथली माणसं सहसा दिवा लावतच नाहीत. भिंतीला हात लावत, चाचपडत जगतात, आणि कुणाचा जीवच अडला तर शब्द देतात. एक म्हातारी आपल्या माणसांसाठी देत देत मुकी होत जाते. शेवटी तिच्याकडे एकच शब्द राहतो, तिच्या लेकीचं नाव. हो, इथे धाकटीनं बदल केला होता. खऱ्यात मिळालं नाही ते तिनं कागदावर घेतलं, त्यात कुणाचं काय गेलं?

दीड वर्षापूर्वी तिनं एक प्रत थोरल्याला वाचायला दिली. सात आठवड्यांनी त्यानं ती परत केली आणि म्हणाला, "भाषा बरी आहे." मग धीर करून ती त्याच्याच प्रकाशकाकडे गेली. संपादकांनी आवक वहीत नोंद केली, शिक्का मारला, बरेच महिने तंगवलं आणि एक दिवस बोलावून सांगितलं, "घेऊ या." ही गेल्याच महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी धाकटी तिथून डेपोपर्यंत पायी आली. बस नावाची वस्तू असते हेच ती विसरली होती.

आणि आता टेबलावर थोरल्याचं पंधरावं पुस्तक होतं, आणि पुस्तकात तिचं शहर होतं. अंधार तेवढा काढून टाकला होता. थोरल्याच्या शहरात तीस-तीस मजल्यांच्या इमारती लखलखत होत्या. प्रत्येक माणसाच्या कानशिलावर धातूची एक पट्टी होती, ती मेंदूतून शब्द ओढून घ्यायची आणि त्यावर दिवे चालायचे. पण म्हातारी तीच होती. दाराची चौकट चाचपून बघायची तिची लकबसुद्धा तीच, आणि ही लकब धाकटीनं काही कल्पनेतून काढलेली नव्हती. एकशे अकराव्या पानावर म्हातारी आपला शेवटचा शब्द उच्चारत होती. थोरल्यानं लेकीचा लेक केला होता. म्हातारीच्या तोंडात शेवटी उरलं होतं तिच्या मुलाचं नाव.

काही माहीत नसताना, नुसत्या सोयीसाठी, त्यानं तेही परत घेतलं होतं. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी तिनं त्याला फोन केला.

"दादा, हे माझं आहे."

"काय तुझं?"

"शहर. म्हातारी. शब्द देऊन दिवा."

पलीकडे तो मनापासून हसला. "अगं हो, तुझ्या त्या परीकथेतली कल्पना घेतलीय जरा. तुझ्याकडे नुसती पडून होती ती. मी तिला मेंदूचं शास्त्र दिलं, यंत्र दिलं, तिच्या पायावर उभी केली. चांगल्या घरी पडली म्हण की!"

"आणि मुलीचा मुलगा का केलास?"

"शेवटी ती पुलावरची पळापळ आहे ना, तिथे मुलगा बरा वाटतो. बरं, ते सोड. एका शब्दावर दिवा किती वेळ चालतो, शहरात माणसं किती, दिवे किती, तेवढे आकडे बसवून दे. मी जागा मोकळ्या ठेवल्यात. सोमवारपर्यंत हवेत, पुढच्या महिन्यात फळा आहे."

"देते," धाकटी म्हणाली.

तिचा राग निवायची काही शक्यता असलीच, तर ती बुधवारी संपादकांनी संपवली. त्यांनी तिला बोलावून तिचा गठ्ठा परत दिला. वर फडकं गुंडाळावं तसं गोड बोलणं गुंडाळलेलं होतं. "दादांचं नवं वाचलंत ना? आता एकाच घरातून, एकाच कल्पनेवर दोन पुस्तकं कशी काढायची? लोक म्हणतील, बहिणीनं भावाचं उचललं. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, बाई."

"माझं तुमच्याकडे आधी आलं होतं," ती म्हणाली.

"आलं असेल हो. पण त्यांचं विज्ञान आहे."

नऊ वर्षं, आईचे अकरा महिने, सगळं पिशवीत घालून ती जिना उतरली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. भर रस्त्यात बसून भोकाड पसरावं असंही एकदा वाटलं. पण रडून थोरल्याचं काय वाकडं होणार होतं? त्यापेक्षा आकडे बसवू या, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि चालायला लागली.

वेळापत्रक करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खोट कधी एका ओळीत नसते. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बिनचूक असते, आणि सगळ्या ओळी एकत्र धरल्या की कळतं, एकच ड्रायव्हर एकाच वेळी तीन गाड्या चालवतोय. धाकटीनं थोरल्याला तीन चिठ्ठ्या दिल्या. पहिली दुसऱ्या प्रकरणासाठी: शहरात माणसं पाच हजार, प्रत्येकाकडे जन्माचे शब्द वीस हजार. दुसरी सातव्यासाठी: शहरात दिवे तीस हजार, चोवीस तास चालू. तिसरी शेवटच्या प्रकरणासाठी: एका शब्दावर एक दिवा एक तास. ही तिसरी तर थोरल्याला फारच आवडली. म्हातारीच्या शेवटच्या शब्दावर तासभरच उजेड, आणि तेवढ्या तासात मुलानं पूल ओलांडायचा! "वा! क्या बात है," तो म्हणाला. "तुला कधीकधी बरं सुचतं." तिन्ही चिठ्ठ्या त्यानं न बघता उतरवून घेतल्या. बघून तरी काय कळणार होतं म्हणा.

महिनाभर ती शहाण्या बहिणीसारखी वागली. फोनवर तब्येत विचारली, त्याच्या वाढदिवसाला जाऊन आली. रोज डेपोत गाड्या लावताना मनातल्या मनात एक भागाकार करून बघायची आणि उत्तर दर वेळी तेच आलं की तिला जेवण गोड लागायचं.

सभेच्या रविवारी ती हॉलमध्ये सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसली. लांबलचक खोली, लोखंडी खुर्च्या, पुढे हिरवा फळा, एका कोपऱ्यात कळकट चहाची किटली. साठ-सत्तर माणसं असतील, आणि सगळ्यांच्या मांडीवर खुणा केलेल्या कच्च्या प्रती. थोरला टेबलाशी बसला होता, नवा शर्ट, हनुवटीखाली मूठ. शेजारी संपादक. फळ्याशी गणिताच्या बाई होत्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाजानं मऊ आणि हिशेबाला कडक. पेन्सिलवाल्यांत त्यांचा शब्द शेवटचा.

"आधी सांगते, पुस्तक मला आवडलं," बाई म्हणाल्या. "ती म्हातारी तर फारच. वाचताना डोळ्यांत पाणी आलं." थोरल्यानं नम्रपणे मान झुकवली. मागे धाकटीनं खुर्चीची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"आता आकडे बघू या," बाई म्हणाल्या आणि खडू उचलला. "पाच हजार माणसं. प्रत्येकी वीस हजार शब्द. शहराकडे एकूण शब्द किती? दहा कोटी. दिवे तीस हजार, तासाला एक शब्द, तास चोवीस. म्हणजे रोजचा खर्च सात लाख वीस हजार शब्द." त्यांनी भागाकार मांडला. खोलीत नुसता खडूचा आवाज. काहीजणांनी आपापल्या वहीत आधीच करून ठेवला होता आणि ते एकमेकांकडे बघायला लागले होते. "एकशे एकोणचाळिसाव्या दिवशी," बाई म्हणाल्या, "तुमचं सगळं शहर मुकं होतं आणि सगळे दिवे विझतात. आणि तुम्ही तर पहिल्याच पानावर शहराला तीनशे वर्षं पूर्ण केलीत."

कुणीतरी फसकन हसलं.

"मुलं जन्माला येतील की," थोरला म्हणाला. "नवे शब्द येतील."

"तेही करून बघितलं. रोज छत्तीस मुलं जन्मायला हवीत, आणि सगळ्यांनी जन्मल्याबरोबर वीस हजार शब्द बोलायला हवेत."

आता हॉल उघड उघड हसायला लागला. थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण गडी चौदा सभा जिंकलेला होता. "मग बदलू या की आकडा. एक शब्द महिनाभर चालतो, असं म्हणू."

बाईंनी तेही प्रामाणिकपणे मांडून बघितलं. "हो. महिनाभर चालला तर शहर जेमतेम तगतं."

"झालं तर मग!"

"झालं कसं?" चष्मेवाला उभा राहिला. "महिनाभर उजेड असेल तर शेवटी तो मुलगा पळतो कशाला? जाऊ दे की आरामात. वाटेत चार ठिकाणी मुक्काम करत, पाहुणचार घेत!"

मग जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. एक इंजिनियर तर डोळे पुसत होता. धाकटी हसली नाही. ती फक्त थोरल्याचा चेहरा बघत होती, आणि बघताना एकोणीस वर्षांतला एकेक डबा तिला आठवत होता, न खाता तसाच परत नेलेला.

थोरला उठला. "एक मिनिट. हे आकडे मी काढलेले नाहीत," तो म्हणाला. "माझ्या बहिणीनं काढलेत. ती बघा, तिथे मागे बसलीय. बस डेपोत असते. मी डोळे झाकून विश्वास टाकला, ही माझी चूक."

साठ-सत्तर माना मागे वळल्या. चौदा पुस्तकांत जिचा उल्लेख एकदाही आला नाही, तिचा आज आला, आणि आला तो चुकीचा आकडा तिच्या पदरात टाकायला. धाकटी याचीच वाट बघत होती. ती उभी राहिली.

"हो, माझेच आकडे आहेत," ती म्हणाली. "मुद्दाम चुकीचे दिले. आधीच्या चौदा पुस्तकांचेही माझेच. ते मुद्दाम बरोबर दिले होते."

गणिताच्या बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे तो धूमकेतूचा मार्ग? तिसऱ्या पुस्तकातला? तो तुम्ही काढलात?"

"डब्याच्या सुट्टीत."

बाईंनी थोरल्याकडे बघितलं आणि हातातला खडू खाली ठेवला. "आणि आज मुद्दाम का चुकवलंत?"

"कारण शहरही माझंच आहे." ती चालत पुढे गेली, फळ्यापर्यंत. "दादानं दीड वर्षापूर्वी माझी कादंबरी वाचायला नेली. ती या संपादकांच्या आवक वहीत नोंदलेली आहे, दादाच्या पुस्तकाच्या किती आधी ते त्यांनीच सांगावं. आधी घेतो म्हणाले, आणि मग भावाचं उचललं असं दिसेल म्हणून परत केली." संपादक खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

"पण गणित तुमच्याही गोष्टीत हेच येणार ना?" चष्मेवाल्यानं विचारलं. "शब्द देऊन दिवा, म्हणजे शहर विझणारच."

"नाही येत. तिथेच तर दादाची गोची झाली." ती भावाकडे वळली. पाठ केलेलं भाषण होतं, ते विसरली आणि जे आलं ते बोलली. "तुझ्या शहरात लख्ख उजेड आहे, दादा. शब्द घालायचे आणि दिवे चालवायचे. ते तुला तेल वाटलं. माझ्या शहरात अंधारच आहे. तिथे दिवा लावायची कुणाची हिंमत होत नाही, कारण शब्द परत मिळत नाही. तिथे तो कसलं इंधन नाहीये, ती किंमत आहे. ज्याच्यासाठी दिला त्याचं काम होईस्तोवर उजेड राहतो, मग तासभर लागो नाहीतर वर्ष. त्याला घड्याळ लावता येत नाही. तुझ्या गोष्टीत सगळ्यांना सगळं परवडायला हवं, म्हणून तू माझ्या माणसांना कानशिलाला पट्ट्या लावल्यास. तुला वाटलं कांडी काढली आणि यंत्र लावलं की झालं. यंत्र लावलंस आणि जिच्यासाठी हे सगळं होतं ती बाईच तुझ्या हातून मेली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गणिताच्या बाईंनी डस्टर घेऊन फळा हळूहळू पुसला आणि म्हणाल्या, "हे पुस्तक छापायला जाणार नाही." मग संपादकांकडे बघून, "आणि दुसऱ्याचं काय करताय ते आम्हाला लवकर कळू द्या." थोरल्यानं गठ्ठा काखेत मारला. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून तो बाहेर गेला, आणि एकानंही त्याच्यासाठी पाय बाजूला घेतले नाहीत. धाकटीला कसं वाटलं? खोटं कशाला सांगा, गार वाटलं. घरी जाऊन ती पोटभर जेवली.

पंधरवड्यात संपादकांचा माणूस डेपोत येऊन तिचा गठ्ठा घेऊन गेला. पेन्सिलवाल्यांचा धाकच तसा होता. पुस्तक छापायला गेलं. थोरल्याची ठरलेली दोन व्याख्यानं रद्द झाली, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. "जेवत नाहीत धड," त्या म्हणाल्या. धाकटीनं नुसतं "हो का," म्हटलं.

मग एका दुपारी, डब्याच्या सुट्टीत, तो स्वतःच आला. या वेळी हात रिकामे होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. ती काही त्याला बस म्हणणार नव्हती, पण हेडक्लार्कांनी खुर्ची पुढे केली आणि ते चहाच्या निमित्तानं बाहेर गेले.

"तुझं पुन्हा वाचलं," थोरला म्हणाला. "माझ्याकडे एक प्रत काढून ठेवली होती."

"ठेवणारच तू."

"या वेळी नीट वाचलं." तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ती म्हातारी आई आहे ना गं?"

"ओळखलंस? दोनदा वाचावं लागलं."

"मी यायला हवं होतं. तेव्हा वाटायचं, आपल्याला ते बघवणार नाही. आणि तू होतीस तिथे." मग त्यानं वर बघितलं, लहानपणी चूक झाल्यावर बघायचा तसं. "ते शेवटचं, शेवटी तिच्याकडे एकच शब्द राहतो ते. तसंच झालं होतं का? खरंच तुझं नाव होतं?"

धाकटीनं डब्याचं झाकण लावलं. "हो," ती म्हणाली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तूच केलंस सगळं. तुझंच असणार." त्यानं खुर्ची जरा पुढे ओढली. "मला फक्त एवढंच विचारायचं होतं. माझं नाव कधी? एखाद वेळी तरी? मी रागावणार नाही, खरं सांग."

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

"नाही, दादा," ती म्हणाली. "एकदाही नाही."

त्यानं मान हलवली. तिनं त्याला चुकीचे आकडे देऊन दोन महिनेही झाले नव्हते, तरी हेही त्यानं न तपासता घेतलं. तो उठला, खुर्ची जागच्या जागी लावली आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागला. धाकटी जागची हलली नाही. शेवटचे दोन महिने आई दिवसातून पन्नासदा त्याच्या नावानं हाक मारत होती, आणि प्रत्येक हाकेला धाकटीनंच ओ दिली होती.